स्वस्त ट्यूब माइक: 12एएक्स7 काढून काय बसवावं?

अपेक्स 460 आणि त्याच्या जातकुळीतले स्वस्त ट्यूब कंडेन्सर माइक घेतले की पहिला प्रश्न ठरलेला: आतली 12एएक्स7 ही व्हॅक्यूम ट्यूब काढून कोणती ट्यूब घालू? सांगाडा दणकट असतो, वीजपुरवठ्याच्या डब्यावर पॅटर्नचा, म्हणजे माइकने कोणत्या दिशांचा आवाज पकडायचा त्याचा, स्विच असतो. ट्यूबच्या आतले दोन्ही ट्रायोड, म्हणजे दोन स्वतंत्र वर्धक भाग, कामाला लावलेले असतात. पहिला सिग्नल वाढवतो, दुसरा कॅथोड फॉलोअर होऊन, म्हणजे व्होल्टेज न वाढवता फक्त जोर देऊन, ट्रान्सफॉर्मर चालवतो. तक्रार बहुतेकदा 'स'काराच्या कर्कशपणाची असते, आणि तो दोष मुळात ट्यूबचा नसतो.

तो येतो कॅप्सूलमधून, म्हणजे आवाज पकडणाऱ्या पडद्याच्या भागातून. या माइकांत बहुधा न्यूमनच्या के67 च्या धर्तीचं कॅप्सूल असतं. त्याचा वरचा पट्टा मुळातच चढा आहे; न्यूमनच्या मूळ यू67 माइकमध्ये सर्किट तो चढ उतरवतं, स्वस्त नकलेत ती सोयच गाळलेली असते. त्यामुळे महागडी जुनी ट्यूब घालून पैसे घालवण्याआधी हे समजून घ्यावं.

तरी ट्यूब बदलायचीच असेल तर माझं मत 12एवाय7 ला, म्हणजे तिच्याच निवडक आवृत्तीला, 6072ए ला. एकेजीच्या सी12 माइकमध्ये हीच 6072 होती. कमी खरखर आणि कमी मायक्रोफोनिक (हादऱ्याने वाजणारी) असावी म्हणूनच ती बनवलेली. पिना त्याच. 12एवाय7 चा हीटर, म्हणजे ट्यूब तापवणारी तारही 12एएक्स7 सारखीच, 6.3 व्होल्टला 300 मिलिअँपिअर; 6072ए ला मात्र 350 लागतात. ट्यूबचा वाढवण्याचा गुणक 100 वरून 44 वर येतो. प्लेटला (जिथून वाढलेला सिग्नल निघतो) 100 किलोओहमचा रेझिस्टर आणि कॅथोडला (जिथून इलेक्ट्रॉन सुटतात) बायपास कॅपॅसिटर धरला तर प्रत्यक्षात साधारण 5 डेसिबल पातळी कमी होते. जवळून गाणाऱ्यासाठी ते बरंच, हेडरूम, म्हणजे आवाज फाटण्याआधीची जागा, वाढते. 12एटी7 मध्ये पातळी फारशी उतरत नाही, पण इतक्या कमी करंटवर ती तिच्या सोयीच्या जागी नसते आणि नगानगात फरक पडतो. 12एयू7 नकोच: 11 डेसिबलच्या आसपास घट, मग प्रीअँपचा नॉब वर चढवा आणि त्याचीच खरखर ऐका. त्याच पिनांची 5751 चांगली, पण तिचा हीटरही 6072ए सारखाच 350 मिलिअँपिअर खातो. पुरवठा रेग्युलेटेड (व्होल्टेज स्थिर राखणारा) नसेल तर अशा ट्यूबला हीटरचा व्होल्टेज खाली बसतो, मोजून पाहा.

6922 मात्र बसते म्हणून घालू नका. सॉकेट तोच नऊ पिनांचा, पण तिचा हीटर फक्त 4 आणि 5 मध्ये, 9 वर अंतर्गत शील्ड. माइकची वायरिंग 6.3 व्होल्टची असेल, म्हणजे 4 आणि 5 जोडलेल्या, तर ती पेटणारच नाही, 12.6 ची असेल तर हीटरवर दुप्पट व्होल्टेज.

ट्यूब बदलली की प्लेटचा व्होल्टेज बघायचा. पुरवठ्याच्या निम्मा ते दोन तृतीयांश असेल तर ठीक, नाहीतर कॅथोड रेझिस्टर बदलावा लागतो. ग्रिडवर, म्हणजे जिथे सिग्नल ट्यूबमध्ये शिरतो तिथे, मीटर लावून उपयोग नाही: तिथे शेकडो मेगोहमचे रेझिस्टर, आणि मीटर स्वतःच 10 मेगोहमचा.

कर्कशपणावर स्वस्त उपाय म्हणजे पहिल्या ट्रायोडच्या प्लेटपासून ग्राउंडला एक छोटा सिल्व्हर मायका कॅपॅसिटर, 500 व्होल्टचा. 12एएक्स7 सोबत 330 पिकोफॅरडने साधारण 12.5 किलोहर्ट्झला 3 डेसिबल उतार मिळतो. गंमत पुढे आहे: 6072 घातली की प्लेटचा अंतर्गत रोध पडतो, तोच 3 डेसिबलचा उतार 330 ने आता 24 किलोहर्ट्झला जातो आणि माइक पुन्हा टोचायला लागतो. तिथे 680 लागतो. म्हणून आधी ट्यूब पक्की करा, मगच कॅपॅसिटर.

सोल्डरिंग येत असेल तर सिग्नलच्या वाटेतले सिरॅमिक कॅपॅसिटर काढून पॉलिस्टायरीन किंवा पॉलिप्रॉपिलीन घाला. सिरॅमिक ठोठावलं तर बोलतात. ग्रिडजवळचा फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसा, बोटही लावू नका. दमट हवेत तिथून गळती होते आणि मग पॉप आणि चरचर सुरू होते, ज्याचं खापर लोक बिचाऱ्या ट्यूबवर फोडतात. कॅप्सूलच्या सोनेरी पडद्याला तर काहीच लावायचं नाही.

काम सुरू करण्यापूर्वी वीज काढा आणि पुरवठ्यातले मोठे कॅपॅसिटर 10 किलोओहम, 5 वॉटच्या रेझिस्टरमधून उतरवा. मीटरवर शून्य दिसल्याशिवाय हात आत नको. बंद केल्यावरही शंभराहून जास्त व्होल्ट राहू शकतात.

नवी ट्यूब एक दिवस चालू ठेवा, मग हेडफोन लावून माइकच्या अंगावर पेन्सिलने टिचकी मारा. घंटेसारखा नाद लांबत राहिला तर तो नग गिटार अँपला द्या. दोन-तीन नग घेऊन त्यातला सर्वात शांत माइकमध्ये ठेवणं, हे महागड्या छापाची एकच ट्यूब विकत घेण्यापेक्षा जास्त कामाचं.