वारंवार जाणाऱ्या इग्निशन कॉइल : संपूर्ण संच बदलल्यानंतरचा काही महिन्यांचा अनुभव

चार सिलिंडरच्या आधुनिक पेट्रोल गाडीत बहुधा प्रत्येक स्पार्क प्लगवर स्वतंत्र कॉइल असते, आणि त्यांतली एखादी निकामी झाली की तेवढीच बदलून गाडी पुन्हा रस्त्यावर आणतात. माझ्या गाडीत हा उपाय टिकला नाही. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल बदलली, ती काही काळाने गेली, आणि तिच्या जागी आलेलीही गेली, तेव्हा दोष कॉइलचा नसून त्या जागेचा आहे हे उघड झाले. त्यानंतर टॅपेट कव्हरचे (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचे) पॅकिंग, प्लगच्या नळ्यांची सीले, चारही प्लग आणि चारही कॉइल असे सगळे काम एकदमच करून घेतले. तेव्हापासून गाडी उष्ण, दमट आणि थंड अशा तिन्ही हवामानांत नियमित चालली आहे, म्हणून आता त्याविषयी जबाबदारीने लिहिता येईल.

कॉइल म्हणजे मुळात एक छोटा ट्रान्सफॉर्मर. आतल्या जाड तारेच्या वेढ्यांतून काही मिलिसेकंद बॅटरीचा प्रवाह सोडला जातो आणि अचानक तोडला जातो. त्या क्षणी बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत २०,००० ते ४०,००० व्होल्टपर्यंतचा विद्युतदाब निर्माण होऊ शकतो, आणि त्यानेच प्लगवर ठिणगी पडते. इंजिन मिनिटाला २,५०० फेरे घेत असेल, तर प्रत्येक कॉइलला तासाभरात ७५,००० ठिणग्या द्याव्या लागतात, आणि त्याही इंजिनाच्या माथ्यावर, अतिशय तापलेल्या जागी बसून. म्हणून कॉइलला आयुष्यमर्यादा आहे हे मान्यच करावे लागते. मात्र ती मर्यादा बरीच मोठी असते. नवी कॉइल अल्पावधीत जात असेल, तर तिला मारणारे दुसरे काहीतरी आहे असेच समजावे.

कॉइल पूर्ण ताकदीचा दाब दर ठिणगीला देत नाही, हे बहुतेक मालकांना कोणी सांगत नाही. प्लगच्या टोकांमधली फट ओलांडण्यापुरता दाब चढला की ठिणगी पडते आणि चढ तिथेच थांबतो. प्लग झिजला, फट रुंदावली, की प्रत्येक ठिणगीसाठी अधिक दाब लागतो. सीएनजी किंवा एलपीजीवर चालणाऱ्या गाडीत ही गरज पेट्रोलपेक्षा मुळातच जास्त असते, आणि टर्बो इंजिनातही दाबलेल्या हवेमुळे तसेच होते. म्हणून अशा गाड्यांत फट कमी ठेवण्यास सांगितलेले असते. ठिणगीला फट ओलांडता आली नाही, तर ती ऊर्जा बाहेर पडण्यासाठी दुसरी वाट शोधते. कधी ती कॉइलच्या टोकाचा, प्लगवर बसणारा रबरी बूट भेदून प्लगच्या नळीच्या भिंतीवर उडते, कधी कॉइलच्या आतले इन्सुलेशन फोडते. एकदा अशी वाट पडली की पुढची प्रत्येक ठिणगी तिच्याकडेच वळते. झिजलेले प्लग तसेच ठेवून नवी कॉइल बसवणे हा म्हणूनच निव्वळ अपव्यय आहे, आणि गॅरेजमध्ये तो सर्रास होतो याचे मला मनापासून वाईट वाटते.

माझ्या दुसऱ्या सिलिंडरच्या बाबतीत कारण आणखी साधे निघाले. त्या नळीत तेल झिरपत होते. तेलाने बूट फुगून मऊ पडला होता, आणि प्लगच्या पांढऱ्या चिनीमातीवर उभी काळी रेघ उमटली होती. ठिणगी सिलिंडरमध्ये न पडता बाहेरूनच पळत असल्याची ती खूण होती. नवा प्लगही अशा फुगलेल्या बुटाखाली टिकत नाही आणि नवा बूटही अशा रेघेच्या प्लगवर टिकत नाही, त्यामुळे दोन्ही एकदम बदलणे भाग असते. आधी दोनदा कॉइल बदलताना हे तेल कोणाच्याही नजरेस आले नाही, कारण कॉइल उपसल्यावर नळीत विजेरी मारून पाहण्याची तसदीच घेतली गेली नव्हती.

निदानाची जी पद्धत शेवटी उपयोगी पडली तिला विशेष साधने लागत नाहीत. गाडीचे दोष वाचणाऱ्या स्कॅनरवर पी ०३०२ हा कोड आला, तर त्याचा अर्थ दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर (बोलीत मिसिंग), म्हणजे इंधन नीट न पेटणे, आहे इतकाच. कॉइल खराब आहे असे तो सांगत नाही. थंड इंजिनावर दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरच्या कॉइलची अदलाबदल करावी, कोड पुसावा आणि गाडी भाराखाली चालवावी. कोड पी ०३०४ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला. पी ०३०२ च राहिला, तर प्लग, इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन तपासावे. पी ०३५२ सारखा कोड असेल, तर तो कॉइलच्या विद्युत मंडलाचा असतो, आणि तेव्हा कपलर (कॉइलला वायर जोडणारा सांधा), वायर आणि अर्थिंग आधी पाहिलेले बरे. मल्टीमीटरने रोध मोजून निर्णय देण्यावर माझा भरवसा उरलेला नाही : आतली बारीक चीर गरम झाल्यावरच उघडते, त्यामुळे थंड कॉइल मीटरवर निर्दोष दिसते आणि चढावर पुन्हा मिसिंग सुरू होते. शिवाय आत इलेक्ट्रॉनिक भाग असलेल्या कॉइलचा रोध अशा रीतीने मोजताही येत नाही.

चालू इंजिनावर कॉइल उपसून कोणता सिलिंडर बंद आहे ते शोधण्याची जुनी सवय मात्र सोडलीच पाहिजे. तीत जीवालाही धोका आहे आणि कॉइललाही.

कॉइल निवडताना मी स्वस्त संच टाळला आणि गाडीच्या निर्मात्याला पुरवठा करणाऱ्या उत्पादकाचेच भाग घेतले. स्वस्त भाग दिसायला हुबेहूब असतात. फरक तारेच्या गुणवत्तेत, आत ओतलेल्या राळेत आणि बुटाच्या रबरात असतो, म्हणजे नेमका तिथे जिथे डोळा पोहोचत नाही. पण मूळ निर्मात्याचा भाग म्हणजे निर्दोषपणाची हमी असेही नाही. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला फोक्सवॅगन आणि ऑडीच्या गाड्यांत कारखान्यातूनच आलेल्या कॉइल इतक्या मोठ्या प्रमाणावर गेल्या की कंपनीला त्या मोफत बदलून देण्याची मोहीम हाती घ्यावी लागली. तेव्हा एकाच गाडीत वेगवेगळ्या सिलिंडरच्या कॉइल एकामागून एक जात असतील, तर आपल्या मॉडेलसाठी अशी मोहीम किंवा सुधारित क्रमांकाचा भाग निघाला आहे का, हे अधिकृत सेवा केंद्राकडे विचारून घ्यावे.

वापराबद्दल सांगायचे तर, सकाळी थंड गाडी सुरू केल्यावर जाणवणारा थरथराट पूर्ण गेला. चढावर वरच्या गिअरमध्ये पिकअप घेताना बसणारे झटके हेच सर्वांत त्रासदायक लक्षण होते, आणि ते पहिल्या दिवसापासून नाहीसे झाले. पेट्रोलचा वापर हळूहळू पूर्वीच्या पातळीवर आला. काही आठवड्यांनी दुसऱ्या सिलिंडरची कॉइल मुद्दाम काढून पाहिली; नळी कोरडी होती, बूट स्वच्छ होता. पॅकिंग पुढे कडक होऊन पुन्हा झिरपणारच, म्हणून प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी ही पाहणी कायम ठेवली आहे.

तक्रारी दोनच आहेत. उष्णतेने कपलरची प्लास्टिकची खिटी ठिसूळ होते आणि काढताना तुटते. खिटी तुटलेला कपलर सैल बसतो आणि नव्या कॉइलवरही अधूनमधून मिसिंग देतो. कपलर वेगळा सहज मिळायला हवा, पण मिळत नाही. दुसरे, कॉइलची हमी भागापुरती असते. चुकीच्या निदानाने वाया गेलेली मजुरी कोणी भरून देत नाही. त्यामुळे जुना भाग काढल्यावर प्लग, बूट आणि नळी स्वतःच्या डोळ्यांनी पाहण्याचा आग्रह मालकाने धरावा.

चेक इंजिनचा दिवा नुसता लागला, तर सावकाश गॅरेज गाठता येते. तो लुकलुकू लागला, तर पाय हलका करून शक्य तितक्या लवकर गाडी थांबवावी. लुकलुकणे म्हणजे मिसफायर जोरात आहे; तेव्हा न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धूर शुद्ध करणाऱ्या भागात) जाऊन पेटते, आणि कॉइलपेक्षा कितीतरी महाग असलेला तो भाग आतून वितळू शकतो. यासाठीच संच बदलताना काढलेल्या कॉइलपैकी चांगल्या चालणाऱ्या दोन मी सिलिंडरचा क्रमांक लिहून, कोरड्या पिशवीत, योग्य पान्यासह डिकीत ठेवल्या आहेत.