बायोवॉशचे आठ महिने: कुपवाडमधल्या छोट्या युनिटचा अनुभव

आमच्याकडे बाळांची झबली, टोपडी आणि लहान मुलांचे टी-शर्ट शिवले जातात. कापड तिरुपूरहून येतं, शंभर टक्के सुती होजिअरी. शिवण चांगली, रंग पक्का, तरी एक तक्रार वर्षानुवर्षं ऐकत आले: "चार धुण्यांत गोळे आले हो." बाळाची मान आणि काख जिथं घासते, नेमके तिथंच. सॉफ्टनर वापरून पाहिला. त्यानं पहिल्या दिवशी कापड मऊ लागतं, पण धुण्याबरोबर तो निघून जातो आणि कापडावरची लव तशीच राहते. गोळे होतात ते त्या लवेचे. म्हणून दिवाळी झाल्यावर बायोवॉश, म्हणजे एन्झाइमच्या पाण्यात कापड धुऊन ती लव काढणं, सुरू केलं. त्यासाठी सेल्युलेज नावाचं एन्झाइम आणलं. आता आषाढ लागलाय, तेव्हा सांगण्याइतका अनुभव जमलाय.

माझा भाऊ तासगावला द्राक्षबाग करतो. एन्झाइमच्या कॅनसोबत आलेला माहितीचा कागद वाचून तो म्हणाला, "ताई, ही ट्रायकोडर्मा तर आम्ही बागेला सोडतो की! शेणखतात मिसळून." खरंय, हे एन्झाइम ट्रायकोडर्मा बुरशीपासूनच येतं, घराणं तेच. बागेत मुळांच्या रोगांवर व्हिरिडी किंवा हार्जियानम वापरतात, कापडासाठीचं एन्झाइम बहुधा रीसाय नावाच्या जातीपासून काढतात. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती तंबू कुजायला लागले, तेव्हा त्या कापडावर ही बुरशी सापडली. आधी तिला व्हिरिडीच समजत होते. एल्विन रीस या शास्त्रज्ञानं तिच्यावर काम केलं होतं, त्यांच्या सन्मानार्थ १९७७ साली तिला रीसाय नाव मिळालं. तंबू खाणारी बुरशी आज बाळाचं झबलं गुळगुळीत करते, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. मात्र कॅनमध्ये जिवंत बुरशी नसते, तिनं बाहेर सोडलेलं प्रथिन तेवढं असतं. भावाकडची पावडर कापडावर टाकून हे काम होणार नाही.

कापूस म्हणजे सेल्युलोज, ग्लुकोजची लांबच लांब साखळी. एन्झाइमचा एक प्रकार ही साखळी मधेच तोडतो, दुसरा टोकाकडून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे काढत जातो, तिसरा त्या जोड्या फोडतो. एन्झाइमचा रेणू मोठा असल्यानं तो धाग्यात खोलवर सहज शिरत नाही. वर आलेली तंतूंची टोकं त्याला आधी सापडतात. ती कमकुवत होतात आणि ड्रममध्ये कापडावर कापड घासलं की तुटून पडतात. ही घासाघीस नसेल तर काम निम्मंच होतं. सुरुवातीला एक बॅच टबमध्ये नुसती भिजवून ठेवली होती, लव जवळजवळ तशीच राहिली.

आमची पद्धत अशी: दहा किलो कापड, शंभर लिटर पाणी, शंभर ग्रॅम एन्झाइम. तापमान ५० अंश, पीएच ५ च्या आसपास, वेळ ४५ मिनिटं. आमचं बोअरचं पाणी जड आहे, पीएच ८ च्या पुढे. त्यामुळे अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड घालून तो खाली आणावा लागतो. पहिल्या महिन्यात अंदाजानं अ‍ॅसिड घालत होतो, आणि एक बॅच छान तर दुसरीवर काही परिणामच नाही असं चाललं होतं. पीएचच्या पट्ट्या आणल्या आणि ते थांबलं.

फरक डोळ्यांना दिसतो. लव गेल्यामुळे छापील रंग उजळ वाटतो. भाचीच्या दोन झबल्यांपैकी एक बायोवॉश केलेलं, एक न केलेलं. वहिनी दोन्ही एकत्रच धुते. सहा महिन्यांनी दुसऱ्याच्या काखेत गोळ्यांची रांग आहे, पहिल्यावर हात फिरवला तर दोन-तीन लागतात.

पण हे एन्झाइम आपणहून थांबत नाही, आणि त्याचा धडा मला मार्चमध्ये मिळाला. बॅच अर्ध्यावर असताना वीज गेली ती अडीच तासांनी आली. ड्रम फिरत नाही म्हणजे काम बंद, असं आम्ही धरून चाललो. पाणी गरम होतं, कापड त्यातच होतं. वाळल्यावर वजन केलं तर नेहमी तीन-चार टक्के घट येते, तिथं दुप्पट आली होती. गळ्याची पट्टी ओढली तर शिवणीपाशी फाटली. सगळी बॅच पुसायच्या फडक्यांत गेली. त्यातलं एकही झबलं मी विकलं नाही.

तेव्हापासून विरघळवलेला धुण्याचा सोडा बादलीत भरून मशीनशेजारी तयार असतो. वीज गेली की सोडा ओतायचा आणि काठीनं ढवळायचं. पीएच १० च्या वर गेला की एन्झाइम लुळं पडतं. नेहमीच्या बॅचला सोड्याबरोबर ८० अंशांवर दहा मिनिटं देऊन ते पूर्ण मारतो, मग दोन पाण्यांतून काढतो. गडद लाल कापडाला सोडा आणि उष्णता एकत्र दिली तर रंग सुटला, म्हणून त्याला फक्त उष्णता देतो. वजनकाटा रोज वापरते. घट पाच टक्क्यांवर गेली की वेळ कमी करायची.

गेले दोन महिने न्यूट्रल प्रकार वापरतेय, हा ह्युमिकोला नावाच्या दुसऱ्या बुरशीपासून येतो. पीएच ६ ते ७ ला चालतो, त्यामुळे अ‍ॅसिड कमी लागतं. वेळ जास्त घेतो, पण कापडाची ताकद जपतो. बाळांच्या पातळ कापडाला मी हाच घेईन, इंटरलॉक या जाड विणीच्या कापडाला आधीचा आम्लवाला.

पॉलिस्टर मिसळलेल्या कापडासाठी यावर पैसे घालू नका. सुती लव निघते, पॉलिस्टरला एन्झाइम हात लावत नाही आणि गोळे त्याच धाग्याला धरून राहतात.

पावडर मुळीच घेऊ नका. एन्झाइमची धूळ श्वासात गेली तर अ‍ॅलर्जी आणि दमा होऊ शकतो. आमच्या मशीनवरच्या मावशींना द्रव भरतानाही हातमोजे आणि मास्क घालायला लावते, त्या कुरकुरल्या तरी. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली ठेवलेला कॅन मंद पडला आणि त्याच मापात काम होईना. आता तो घरात फ्रिजशेजारच्या थंड कोपऱ्यात असतो. ड्रमच्या निचऱ्याला बारीक जाळी लावलीये. दर बॅचमागे मूठभर तूस तिथं अडकतं, आणि ते नाल्यात जात नाही.