तीन भिंतींतला पलंग: ट्रेलरचे आठ महिने

लिहायचं जुलैपासून मनात होतं. पण तेव्हा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं आमचं चाकांवरचं घर, सर्व्हिसवाल्याच्या अंगणात पडून होता, आणि तेव्हा लिहिलं असतं तर नुसत्या शिव्याच उमटल्या असत्या. परवा, हिवाळ्यात पाइप गोठू नयेत म्हणून, नळांतून गुलाबी अँटिफ्रीझ येईपर्यंत पंप चालवला, हीटरची टाकी रिकामी केली, बॅटरी काढून तळघरात ठेवली. मिशिगनचा मोसम संपला. आता डोकं शांत आहे. बऱ्यापैकी.

आम्ही दोघं, पन्नाशीकडे झुकलेले. मुलगी कॉलेजला गेली, घर डेट्रॉइटजवळ नोव्हीत. ट्रेलर वीस फुटी, एका ॲक्सलचा, मागे न्हाणीघर, मधे ओटा आणि टेबल, पुढे पलंग. कंपनीचं नाव देत नाही, कारण इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनणाऱ्या या आकाराच्या ट्रेलरांत हाच नकाशा निरनिराळी स्टिकरं लावून फिरताना मी पाहिलाय. टाक्या किती गॅलनच्या, एसी किती बीटीयूचा हे तुम्हाला ठाऊक असतंच. मला पलंगाबद्दल बोलायचं आहे.

पलंग आडवा आहे. डोक्याशी भिंत, पायाशी भिंत आणि एका कुशीलाही भिंत. उतरायला एकच बाजू. शिवाय ही 'आरव्ही क्वीन', म्हणजे अशा चाकांवरच्या घरांतली क्वीन, ६० बाय ७४ इंच. घरची क्वीन ६० बाय ८०. म्हणजे घरच्या चादरी इथे ढगळ होतात, आणि पाच फूट अकरा इंचांचा नवरा उशी घेतली की टाचा भिंतीला टेकवून झोपतो. चादर घालायची तर पलंगावरच गुडघे टेकून, स्वतः ज्यावर बसलोय तोच कोपरा खोचायचा. हे मी आठ महिने करतेय, अजून जमलेलं नाही.

आणि आतली बाजू माझी. कशी ठरली ते विचारू नका. रात्री दोन वाजता उठायचं तर नवऱ्याला ओलांडून. आजी म्हणायची, झोपलेल्या माणसाला ओलांडू नये, उंची खुंटते. याची आता वाढायची नाही हे खरं, पण माझा गुडघा त्याच्या पोटात गेला की तो जो हुंकार काढतो, तो शेजारच्या तंबूपर्यंत जात असणार.

फेब्रुवारीत नोव्हीच्या प्रदर्शनात हाच नकाशा आम्ही पाहिला होता. पलंगाच्या कडेवर बसलो, सोफा दाबतात तशी गादी दाबून पाहिली आणि उतरलो. आडवं होऊन पाहिलं नाही. मागे माणसं खोळंबली होती, बूट काढायची लाज वाटली. मार्चमध्ये १९,४०० डॉलर मोजताना मात्र काही वाटलं नाही. मागच्या वर्षीचं मॉडेल, म्हणून स्वस्त. वर सहा टक्के कर, 'प्रेप फी', आणि कसली तरी कागदपत्रांची फी. मिशिगनमध्ये ट्रेलरची नंबर प्लेट एकदा घेतली की कायमची, दरवर्षी पैसे नाहीत, या एका गोष्टीवर मी चार दिवस खूष होते.

वजनाचं थोडक्यात सांगते, कारण त्यात चूक आमची होती. विक्रेता म्हणाला, तुमची एसयूव्ही ५,००० पौंड ओढते, ट्रेलर ३,७६० चा, आरामात. ते ३,७६० म्हणजे ड्राय वेट, रिकाम्या ट्रेलरचं वजन. त्यात बॅटरी नाही, पाणी नाही, माझा कुकर नाही, बिडाचा तवा नाही, आणि ज्यावरून घरात पुष्कळ बोलणं झालं तो खलबत्ता नाही. एक गॅलन पाणी सव्वाआठ पौंडांच्या वर भरतं. तीस गॅलन म्हणजे अडीचशे पौंड निव्वळ पाणी. ट्रक थांब्यावरच्या काट्यावर घातला तर भरलेला ट्रेलर ४,६२० निघाला आणि हिचवर, म्हणजे गाडीमागच्या जोडावर, येणारा भार, म्हणजे टंग वेट, ५६०. आमच्या गाडीची हिच ५०० ची.

नवरा गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो. या माणसाने काय करावं? पलंगाखालची पाण्याची टाकी रिकामी केली, जड सामान मागे न्हाणीघरात रचलं, टंग वेट ४२० वर आणलं आणि हात झटकले. यूएस-२३ महामार्गावर शेजारून एक मोठा ट्रक गेला आणि मागचा ट्रेलर शेपटी हलवल्यासारखा डुलायला लागला. ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणाऱ्या ब्रेक कंट्रोलरचं बटण दाबून नवऱ्याने तो सावरला, पण पुढची दहा मिनिटं गाडीत कुणी बोललं नाही. पुढचा भार एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर डुलतो, हे आम्हाला कॅम्पग्राउंडवरच्या एका आजोबांनी खुर्चीतून न उठता सांगितलं. आणि नवरा ऑफिसात या गोष्टी पॉवरपॉइंटवर समजावतो.

मे महिन्यात जुना पिकअप घेतला. २१,००० डॉलर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

आता परत पलंगाकडे.

जूनमध्ये मिशिगन सरोवराकाठी स्लीपिंग बेअर ड्यून्सला, प्लॅट रिव्हर कॅम्पग्राउंडवर चार रात्री होतो. दुसऱ्या सकाळी माझ्या बाजूची गोधडी ओली लागली. आईच्या जुन्या पातळांची गोधडी आहे, ओली झाली की तिला एक वास येतो, लहानपणी पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांना यायचा तसा. मी नवऱ्याला म्हटलं, पाणी येतंय. तो म्हणाला, दोन माणसांचा श्वास, बाहेर गार, भिंत पातळ, खिडकी उघडी ठेव. शास्त्र बरोबरच होतं. खिडकीच्या काचेवर दव होतंच. मी पुढचे तीन आठवडे पलंगालाच शिव्या दिल्या, की भिंतीला चिकटवलाय म्हणून अंथरूण भिजतं. बाजूने चालायला जागा असती तर गादीला हवा लागली असती.

मग एकदा गादी पूर्ण उचलली. त्यासाठी आधी नवऱ्याला बाहेर काढावं लागतं, तोही याच पलंगाचा गुण. गादीखालच्या प्लायवूडवर पुढच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेला चहाच्या रंगाचा डाग होता, तळहाताएवढा. कडेला बोट लावलं तर लाकूड गार आणि किंचित मऊ.

वॉरंटी एक वर्षाची, म्हणून ट्रेलर ओढत सर्व्हिसला नेला. काउंटरवरच्या माणसाने माझे फोटो जेमतेम पाहिले. म्हणाला, "कंडेन्सेशन." म्हणजे माझ्याच नवऱ्याचं वाक्य, फरक इतकाच की इथे त्याचे पैसे पडणार होते. कंडेन्सेशन वॉरंटीत येत नाही. गळती शोधायला वेळ लागला आणि सापडली नाही, तर तासाला १६५ डॉलर आमचे. आणि गळती निघालीच, तर छताचं आणि कडांचं सीलंट दर ९० दिवसांनी तपासल्याची नोंद कुठाय? पुस्तिकेत तसं लिहिलेलं आहे खरं. पण ट्रेलर ९० दिवसांचा व्हायला तेव्हा चार दिवस बाकी होते. मी तारखेची पावती पुढे सरकवली. त्याने ती वाचली नाही, नुसती परत सरकवली.

आम्ही ट्रेलर परत नेला. आमच्या कॉलनीत ड्राइव्हवेवर ट्रेलर दोन दिवसांच्या वर ठेवता येत नाही, म्हणून महिन्याला ६५ डॉलर भरून तो गावाबाहेरच्या स्टोरेजमध्ये असतो. या ६५ डॉलरांवर मी इतकी चिडलेली असते, पण त्यांनीच काम केलं. ३५ डॉलरचा मॉइश्चर मीटर आणला, दोन सुया भिंतीला टेकवायच्या की आकडा येतो. कोरड्या भिंतीला ११. त्या कोपऱ्याला ३८. गादी काढून घरी आणली, कोपऱ्यात जुना पंचा ठेवला, छताची झडप मिटली, कुलूप लावलं. एकोणीस दिवस आत कुणी पाऊल टाकलं नाही. मधे तीन वेळा पाऊस पडला. उघडलं तर पंचा पिळण्यासारखा.

पंचा पिशवीत घालून काउंटरवर गेले. म्हटलं, एकोणीस दिवस आत कोण श्वास घेत होतं?

ट्रेलर घेतला त्यांनी. तीन दिवसांत दोष सापडला: पुढच्या वरच्या कोपऱ्यातला तो पिवळा मार्कर दिवा. त्याच्या डोक्यावर सीलंट जिथे हवं तिथे करंगळीच्या नखाएवढी फट. पाणी दिव्यामागून भिंतीच्या आत, आणि तिथून पलंगाच्या खोक्यात. काम दीड तासाचं. ट्रेलर परत मिळाला सात आठवड्यांनी. आधी प्लायवूडचा तुकडा यायचा होता, मग तंत्रज्ञ सुटीवर, मग रांग. मिशिगनचा उन्हाळा असतो केवढा? त्यातून सात आठवडे काढा. कॅम्पग्राउंडची दोन बुकिंगं सहा महिने आधी, सकाळी घड्याळ लावून मिळवलेली, रद्द केली, आणि रद्द करण्याचेही पैसे कापले गेले.

त्यानंतर दर महिन्याला नवरा शिडी लावतो आणि मी खालून सीलंटची नळी देते. दहा-बारा डॉलरची नळी.

इथे मला वरचं थोडं मागे घ्यायचंय. पलंग तसा नसता, बाजूने चालायला जागा असती, तर मी भिंतीपासून दोन फूट लांब झोपले असते. पाणी वर्षभर मुरलं असतं, बाहेरच्या फायबरग्लासला फुगे आले असते आणि तोवर वॉरंटी संपली असती. माझी गोधडी भिजली म्हणून कळलं. तेव्हा नकाशाला मी शून्य देणार होते, आता दोन देते.

सप्टेंबरमध्ये वर, मिशिगनच्या उत्तर भागात, ताक्वामेननच्या धबधब्याला गेलो. वाटेतल्या मॅकिनॉच्या पुलावर वाऱ्याचा इशारा लागला होता. उंच गाड्या आणि आमच्यासारखे ट्रेलर बाजूला थांबवून, पुलाच्या माणसांची गाडी पुढे घालून, ताशी वीस मैलांनी सोडत होते. पाच मैलांचा पूल. पिकअप घेतल्याबद्दल मी नवऱ्याला त्या पुलावर पहिल्यांदा बरं म्हटलं. धबधब्याचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस, देवदारांच्या दलदलीतलं टॅनिन उतरतं म्हणून. पण मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची पहाट. बाहेर चार अंश, आत फर्नेस घुरघुरतोय, आणि माझ्या बाजूच्या खिडकीला नाक लावलं की बर्चची खोडं अर्ध्या हातावर. नवरा म्हणाला, बदलायची का बाजू? मी नाही म्हटलं. तो चहा करायला उठला, म्हणजे मला कुणाला ओलांडावं लागलं नाही, हेही त्यात धरा.

बाकीचं पटापट. फ्रिज चांगला. पंप पहाटे कण्हतो. चुलीवरच्या हुडची बाहेरची झडप हाताने उघडावी लागते. विसरलात तर फोडणीला अलार्म, आणि रात्री दहानंतर वाजला तर सगळं कॅम्पग्राउंड तुम्हाला ओळखायला लागतं. ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह हुकअप, म्हणजे जागेवरच गटाराची जोडणी, असला तरी सतत उघडा ठेवू नका, पाणी निघून जातं आणि बाकीचं बसून राहतं. यापुढचं सांगत नाही, जेवायच्या वेळी वाचत असाल.

पाचपैकी साडेतीन. सर्व्हिसला काहीच नाही.

काल पुन्हा पाऊस झाला. स्टोरेजला जाऊन मीटर लावून आले. कोपरा १२. फेब्रुवारीत प्रदर्शन आहे. बाजूने चालता येईल असा पलंग असलेला एक नकाशा नवऱ्याने शोधून ठेवलाय, नुसता बघायला म्हणे. मी घरातून निघतानाच चपला घालून जाणार आहे. थंडी असली तरी. काढायला सोप्या.