मायक्रोबायोलॉजीची पीजी परीक्षा: कुठल्या पेपरसाठी काय वाचावं?

लेखी, प्रॅक्टिकल आणि व्हायवा या तिघांची मागणी वेगळी असते आणि एकाच पुस्तकावर तिन्ही निभावत नाहीत. म्हणून ‘सगळ्यात चांगलं पुस्तक कोणतं’ यापेक्षा आपली कच्ची बाजू कोणती, ते आधी बघा.

मँडेल (संसर्गजन्य रोगांचं पाठ्यपुस्तक) की बेली अँड स्कॉट (लॅबमधल्या निदानाचं पाठ्यपुस्तक), हा नेहमीचा पेच. एक प्रश्न घेऊन दोन्ही उघडा: ब्लड कल्चरमध्ये स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू आला. मँडेल रुग्णाच्या बाजूने बोलतं: एंडोकार्डायटिस (हृदयाच्या झडपांचा संसर्ग), हाडात किंवा मणक्यात गेलेला संसर्ग, इको (हृदयाची सोनोग्राफी) कधी करायचा. बेली अँड स्कॉट बेंचवरून बोलतं: ग्रॅम स्टेन, कोअॅग्युलेज, एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस) ओळखायला सेफॉक्सिटिन डिस्क. परीक्षक मात्र विचारतात, ‘वॉर्डला फोन करून काय सांगाल?’ इथे दोन्ही बाजू जुळवाव्या लागतात. पुन्हा ब्लड कल्चर पाठवा, संसर्गाचा उगम शोधा, इको करा आणि मेथिसिलिन-सेन्सिटिव्ह निघाला तर व्हॅन्कोमायसिनवर न थांबता योग्य बीटा-लॅक्टमवर (पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधावर) या. माझं मत स्पष्ट आहे: बेली अँड स्कॉट सलग वाचा, मँडेल फक्त प्रश्न घेऊन उघडा. मँडेल पहिल्या पानापासून वाचायला घेतलं, तर उजळणीला वेळच उरत नाही.

एएसएमचं (अमेरिकन सोसायटी फॉर मायक्रोबायोलॉजी) मॅन्युअल ऑफ क्लिनिकल मायक्रोबायोलॉजी विकत घ्यायची गरज नाही, लायब्ररीत पुरतं. दुर्मीळ जंतू किंवा एखाद्या चाचणीच्या मर्यादा बघायच्या असतील तेव्हा त्याला तोड नाही.

खरी गफलत होते ती जंतूवर कोणतं अँटिबायोटिक चालेल हे ठरवणाऱ्या दोन मानकांमध्ये: अमेरिकी सीएलएसआय आणि युरोपीय युकास्ट. दोन्हींचे तक्ते दरवर्षी सुधारतात, आणि युकास्टचे तक्ते मोफत उतरवून घेता येतात. पण दोन्ही अर्धेअर्धे पाठ करणं घातक आहे. सेफ्टाझिडिम या अँटिबायोटिकची डिस्क सीएलएसआयमध्ये 30 मायक्रोग्रॅमची, युकास्टमध्ये 10 ची. एकाची डिस्क लावून दुसऱ्याच्या तक्त्यावर झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) वाचला की रिपोर्टच चुकला. याहून बारीक भाग पुढे आहे. स्यूडोमोनास एरुजिनोसा या जंतूचा सेफ्टाझिडिम एमआयसी (वाढ थांबवणारी औषधाची किमान मात्रा) 4 आला, तर सीएलएसआयप्रमाणे तो ‘एस’ (औषध चालेल) आणि युकास्टप्रमाणे ‘आय’. पण 2019 पासून युकास्टच्या ‘आय’चा अर्थ ‘मधला’ असा राहिलेला नाही. औषधाचं एक्स्पोजर वाढवलं, म्हणजे डोस जास्त दिला, तर औषध चालेल, असा तो आहे. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी चांगलं औषध सोडून कार्बापेनेम (राखून ठेवायचं जास्त ताकदीचं अँटिबायोटिक) सुचवतो, आणि व्हायवात तिथेच पकडला जातो. तेव्हा आपली लॅब जे मानक वापरते ते पक्कं करा आणि दुसऱ्यातले फक्त असे ठळक फरक लिहून ठेवा.

युके एसएमआय ही ब्रिटनची मोफत मानकं लेखी उत्तरांसाठी फार कामाची आहेत. नमुना आल्यापासून रिपोर्ट जाईपर्यंतचा क्रम त्यात मिळतो, आणि पाठ्यपुस्तकात नेमका तोच विखुरलेला असतो. व्हायवात मात्र आधी स्वतःच्या लॅबची एसओपी (कामाची ठरलेली लेखी पद्धत) सांगा. जे आपण रोज हाताने करतो त्यावरचा उलट प्रश्न झेलता येतो.

पॅरासाइटोलॉजीच्या चित्रांसाठी अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्यसंस्थेचं डीपीडीएक्स हे संकेतस्थळ पुरे, तेही मोफत आहे. फक्त तिथे अंडं किंवा ट्रोफोझोइट (परजीवीचं वाढणारं रूप) फोटोच्या मधोमध ठेवलेलं असतं. प्रॅक्टिकलला आधी ते शोधावं लागतं, आणि ती सवय मायक्रोस्कोपवरच लागते.

एमसीक्यू बँक की जुन्या प्रश्नपत्रिका? तुमच्या परीक्षेत एमसीक्यू असतील तर बँक हवीच, पण उत्तराखालचं स्पष्टीकरण वाचायचं असेल तरच. दीर्घोत्तरी पेपर असेल तर जुन्या प्रश्नपत्रिकांना पर्याय नाही, आणि त्या नुसत्या वाचून भागत नाही. घड्याळ लावून एक उत्तर पूर्ण लिहा, मग ते रोज रिपोर्ट सही करणाऱ्या सीनियरला तपासायला द्या. सहसा ते एकच विचारतात: नमुना कुठला होता आणि रुग्ण कसा होता, हे उत्तरात कुठे आहे?