सीट हातात, सायकल गायब: नव्या सायकलीचे आठ महिने

सायकल गेली तेव्हा तिची सीट माझ्या हातात होती. उभी केलेल्या सायकलीची सीट लंपास होते म्हणून मी ती नेहमी दांड्यासकट उपसून वर घेऊन जायचे. चौदा वर्षांची सवय. त्या दिवशीही सीट घेऊन खाली आले, तर खांबाला फक्त तारेचं कुलूप लटकत होतं, कापलेल्या टोकाच्या तारा केरसुणीसारख्या पिंजारलेल्या. सीट वाचवली, सायकल गेली. हसू का रडू, अशी गत.

तक्रार लिहून देताना पहिला प्रश्न आला, फ्रेम नंबर काय? तो बहुतेक सायकलींवर पायडलच्या धुऱ्याखाली, बॉटम ब्रॅकेटच्या नळीवर ठोकलेला असतो, हे मला माहीत होतं. चौदा वर्षांत सायकल उलटी करून तो एकदाही उतरवून घेतला नव्हता. तो विषय तिथेच संपला.

आता नव्या सायकलीला आठ महिने झालेत, २,९०० किलोमीटर झालेत. पण आधी मधली एक चूक सांगते, कारण जुनी सायकल गमावलेला जवळजवळ प्रत्येक जण ती करत असावा. मी हुबेहूब तीच सायकल शोधायला निघाले. महिनाभर शोधून तेच मॉडेल, तोच गडद हिरवा रंग, वापरलेली, पण बऱ्या अवस्थेतली मिळवली. बसले आणि पाच मिनिटांत कळलं की ही ती नव्हे. हँडल लांब, सीट भलतीकडे, ब्रेकचे खटके बोटांपासून दूर. फ्रेमसुद्धा दोन सेंटिमीटर मोठी निघाली. दोन आठवडे स्वतःला पटवत राहिले आणि मग विकून टाकली. मला जे हवं होतं ते त्या हिरव्या नळ्यांत नव्हतंच. थोडी सीट वर, थोडं हँडल खाली, असं करत चौदा वर्षांत ती सायकल माझ्या मापाची झाली होती. मग ठरवलं, सायकल कुठलीही चालेल, मापं जुनी पाहिजेत.

पण मापं कुठून आणायची? हातात फक्त सीट आणि तिचा दांडा. दांड्यावर चिकटपट्टीची खूण होती, पण ती खूण जुन्या फ्रेममध्ये दांडा किती आत जायचा एवढंच सांगते; फ्रेमच नाही तर तिचा उपयोग शून्य. शेवटी कामाला आला एक जुना फोटो. सायकल भिंतीला टेकवलेली, अगदी बाजूने काढलेला. माझ्या चाकांना ७००x२८ चे टायर होते. त्यातल्या रिमचा टायर बसतो तिथला व्यास ६२२ मिलिमीटर, वर दोन्ही बाजूंना २८-२८, म्हणजे चाक साधारण ६७८ मिलिमीटरचं. स्क्रीनवर फोटोतलं चाक पट्टीने मोजलं, ६८ मिलिमीटर भरलं. म्हणजे फोटोतला एक मिलिमीटर म्हणजे खरा जवळपास एक सेंटिमीटर. मग धुऱ्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत ७२८ मिलिमीटर, आणि सीटच्या टोकापासून हँडलच्या मध्यापर्यंत ५२३. पाच-सात मिलिमीटर इकडेतिकडे होणार हे गृहीत धरलं. फोटो तिरका असता तर चाक अंडाकृती दिसलं असतं आणि सगळंच मुसळ केरात गेलं असतं.

हे दोन आकडे कागदावर लिहून दुकानात गेले. नवी सायकल अॅल्युमिनियमची, सरळ हँडलची, हायड्रॉलिक डिस्क ब्रेकची. पुढे ४० दात्यांची एकच चकती, मागे दहा गिअर, टायर ७००x३८. नळ्या जाड्याजुड्या, जुनीच्या सडपातळ पोलादी नळ्यांपुढे जरा पैलवानी थाट. त्याला कारण आहे. अॅल्युमिनियमचा ताठपणा पोलादाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका, म्हणून नळीचा व्यास वाढवून तो भरून काढतात. दिसायला मला अजूनही आवडत नाही. चालवताना फ्रेमकडे कोण बघतं, अशी समजूत घातली आहे.

दुकानात एक गोष्ट मात्र नशिबाने आधी बोलले: पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याची वरची नळी कापू नका. जुन्या सायकलीत हँडलचा दांडा चिमट्याच्या नळीत आत उतरलेला असायचा. वरचा बोल्ट ढिला करायचा, हँडल वरखाली करायचं, काम झालं. आताच्या सायकलीत हँडलचा दांडा त्या नळीला बाहेरून आवळलेला असतो आणि उंची खालीवर करायला फक्त कड्या घालता-काढता येतात. नळी एकदा कापली की उंची गेली ती गेली. माझी नळी दोन सेंटिमीटर वर आलेली दिसते, त्यावर एक-दोघांनी टोमणेही मारले. मारू देत. सहाव्या महिन्यात मी हँडल एक कडी वर घेतलं ते त्यामुळेच जमलं.

हँडल लांब पडत होतं, ५४८. पुष्कळ जण अशा वेळी सीट पुढे सरकवतात. तसं करू नका. सीटची जागा गुडघ्यांसाठी असते, हातांसाठी नाही. मी हँडलचा ९० मिलिमीटरचा दांडा बदलून ७० चा लावला. उरलेले पाच मिलिमीटर मला कळत नाहीत. हँडल पहिल्यापेक्षा चटकन वळतं, पहिले तीन-चार दिवस जरा उतावीळ वाटलं, नंतर सवय झाली.

खरा घोळ क्रँकने घातला, म्हणजे पायडल ज्याच्या टोकाला बसतं त्या दांड्याने. सीट बरोबर ७२८ वर लावली आणि तरी दहा दिवसांत गुडघा बोलू लागला, उजवा, पुढच्या बाजूने. जुन्या सायकलीचे क्रँक १७० मिलिमीटरचे होते, नव्यावर १७५ चे आलेले. पाच मिलिमीटरने काय होतंय, असं मलाही वाटलं होतं. पण पायडल तळाला असताना पाय तितकाच लांबायला हवा तर सीट पाच मिलिमीटर खाली घ्यावी लागते, म्हणजे ७२३. आणि पायडल माथ्यावर आलं की ते पाच आणि क्रँकचे वाढलेले पाच मिळून गुडघा आधीपेक्षा दहा मिलिमीटर जास्त दुमडतो. मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा. सीट खाली घेऊन पाय सुखावला, गुडघा नाही. चौथ्या महिन्यात १७० चे क्रँक बसवले, सीट परत ७२८ वर नेली. त्यानंतर गुडघ्याने तोंड उघडलेलं नाही. सायकल घेताना क्रँकची लांबी कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही. क्रँकच्या आतल्या बाजूला कोरलेली असते, वाकून वाचा.

आता ती वाचलेली सीट. तिचा दांडा २७.२ मिलिमीटर जाडीचा, नव्या फ्रेमची नळी ३१.६ ची. मधल्या फटीसाठी अॅल्युमिनियमचं पातळ नळकांडं मिळतं, शिम. ते घालून जुना दांडा, जुनी सीट नव्या सायकलीवर बसवली. नळकांड्याची चीर फ्रेमच्या चिरेसमोर आली पाहिजे, नाहीतर आवळूनही दांडा हळूहळू खाली बसतो. तेवढं सांभाळलं. पण तिसऱ्या महिन्यात कुरकुर सुरू झाली. प्रत्येक पायडलला एक बारीक ‘करक’. आधी वाटलं बॉटम ब्रॅकेट. मग पायडल काढून ग्रीस लावून पुन्हा बसवले (डावं पायडल उलट्या आट्याचं असतं, ते एकदा विसरून पान्ह्यावर उगाच लोंबकळून झालंय). मग क्रँकचे बोल्ट. आवाज जैसे थे. शेवटी एका चढावर उभी राहून पायडल मारले आणि आवाज थांबला. खाली बसले, पुन्हा करक. म्हणजे दुखणं पायात नव्हतं, बुडाखाली होतं! दांडा काढून पाहिला तर नळकांडं आतून-बाहेरून कोरडं ठणठणीत. दोन्ही बाजूंना ग्रीसचा पातळ हात फिरवला, बास. एक दुपार वाया गेली, पण उभं राहून बघायची ही युक्ती पदरात पडली.

गिअरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण पुढची एकच चकती म्हटलं की लोकांना वाटतं वेग कमी होणार. जुनीला पुढे ५२ आणि ४२, मागे सात गिअर, १४ ते २८. सर्वांत जड गिअरला पायडलच्या एका फेऱ्यात ती ७.९ मीटर जायची. नवी ४०-११ वर, म्हणजे पुढे ४० आणि मागे ११ दाते असताना, जवळपास ८ मीटर जाते. म्हणजे वरचं टोक जागच्या जागी. खालचं टोक मात्र कुठल्या कुठे गेलंय: जुनीचा सर्वांत हलका गिअर ३.२ मीटरचा होता, नवीचा २.१. ज्या चढावर मी उतरून सायकल ढकलायचे तिथे आता बसून, दम न लागता वर जाते. एवढ्या एका गोष्टीसाठी नव्या सायकलीला शंभर गुन्हे माफ.

तक्रार आहे ती मधल्या गिअरची. मागच्या दात्यांत १५ नंतर थेट १८ येतात. वीस टक्क्यांची उडी. एका फेऱ्यात ५.८५ मीटर नाहीतर ४.८७, अधलंमधलं काही नाही. जुनीला त्याच टापूत ५.६ आणि ५ होते. सपाट रस्ता, समोरून वारा, अशा वेळी एक गिअर जड पडतो आणि दुसऱ्यात पाय भिरभिरतात. आठ महिन्यांत याची सवय झालेली नाही. रोजचा रस्ता सपाट असेल तर दोन चकत्यांचीच बघा.

गिअर बदलायचा सरावही सावकाश झाला. जुनीचे गिअर खालच्या नळीवरच्या दोन पात्यांनी बदलायचे, त्याला ‘टिक’ वगैरे नाही. पाती सरकवायची, चेनचा आवाज ऐकायचा, खरखर थांबली की गिअर बसला. नव्यात अंगठ्याने एक टिक, एक गिअर. तरी पहिला महिना उजवा हात आपोआप खाली जाऊन रिकामी नळी चाचपायचा. एकदा चौकात, मागे गाड्या असताना. तीन आठवड्यांनी टिक आणि गिअर यांची फारकत झाली, चेन दोन दात्यांमध्ये घुटमळायला लागली. घाबरायचं कारण नाही, नव्या वायरी जागेवर बसतात तेव्हा तसं होतं. वायरीच्या टोकाचा गोल नट पाव-पाव वळसा फिरवून ठीक झालं.

ब्रेकविषयी चांगलंच लिहायचं आहे, चूक माझी. पावसात जुन्या रिम ब्रेकचा पहिला वळसा नुसता पाणी पुसण्यात जायचा, पकड मागाहून. डिस्कला तो उशीर जाणवतच नाही, दोन बोटं पुरतात. नवे असताना मात्र ते मुरवावे लागतात: बऱ्यापैकी वेगातून चालण्याच्या वेगापर्यंत दाबत आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, असं वीसेक वेळा. मी ते केलं, आणि दुसऱ्या महिन्यात चेनला फवाऱ्याने तेल मारताना थोडं ब्रेकच्या चकतीवर उडवलं. दुसऱ्या दिवशी मागचा ब्रेक असा किंचाळला की कुत्री बाजूला झाली, आणि पकड अर्धी. चकती स्पिरिटने पुसली, पॅड पॉलिशपेपरवर घासले, काही उपयोग नाही. पॅडने तेल एकदा प्यालं की प्यालं. नवे घातले. तेव्हापासून तेल थेंबाथेंबाने, चेनच्या कडीकडीवर, आणि वरचं फडक्याने पुसून.

चेन २,६०० किलोमीटरला बदलली. चेन ताणली जाते म्हणतात, खरं म्हणजे तिच्या पिना झिजतात आणि कड्यांमधलं अंतर वाढतं. नव्या चेनच्या २४ कड्या ३०४.८ मिलिमीटर भरतात, माझ्या साडेतीनशे सहा... चुकले, ३०६ आणि वर अर्धा. आणखी थोडी चालली असती, पण मागचे दाते खराब होण्यापेक्षा चेन बदललेली परवडते.

आरामाबद्दल सगळे विचारतात, अॅल्युमिनियम हादरे देतं का? मला तर नवीच जास्त मऊ लागते, आणि त्याचं श्रेय टायरचं. २८ च्या टायरमध्ये मी ८० पीएसआय हवा ठेवायचे, ३८ च्यात ४५ पुरते. एकदा हौसेने ६५ भरली तर दात वाजले. आठ महिन्यांत पंक्चर दोन, त्यातलं एक ट्यूब बसवताना मीच चिमटवलेली म्हणून.

मागचं चाक एकदा आउट झालं होतं, आरे आवळून काढलं. फ्रीव्हीलचा आवाज फार मोठा आहे, पायडल थांबवले की टोळधाड आल्यासारखा. मडगार्ड आणि कॅरिअर लावायला भोकं आहेत, ते महत्त्वाचं. बाकी रंग राखाडी.

कुलूप आता यू आकाराच्या जाड पोलादी दांड्याचं आहे, मागच्या चाकाची रिम आणि फ्रेमचा मागचा त्रिकोण दोन्ही त्यात अडकवते. सीट अजूनही उपसून वर नेते, ते काही सुटणार नाही.

गेल्या रविवारी सायकल उलटी करून फ्रेम नंबर उतरवला. त्याखाली लिहिलं: धुरा ते सीट ७२८, सीट ते हँडल ५२८, क्रँक १७०, हँडलचा दांडा ७०. मग ती भिंतीला टेकवून फोटो काढला, चाकाच्या उंचीपर्यंत खाली बसून, अगदी बाजूने. दोन्ही चाकं गोल आली आहेत, मोजून पाहिलं.