हिरवी पट्टी राजाची, सोनेरी सम्राटाची: जर्मन राज्यकर्त्यांचा एक भिंतीवरचा तक्ता

मध्ययुगीन जर्मन राज्यकर्त्यांविषयी वाचताना माझा सर्वांत जास्त गोंधळ 'राजा' आणि 'सम्राट' या दोन पदांमुळे व्हायचा. जर्मनीतल्या एका पुस्तकांच्या दुकानात हा तक्ता पाहिल्यावर मी तो लगेच घेतला, त्याचे कारणही तेच होते. त्यात 911 मध्ये निवडल्या गेलेल्या पहिल्या कॉन्राडपासून 1519 मध्ये वारलेल्या पहिल्या मॅक्सिमिलियनपर्यंतचे सर्व राज्यकर्ते आहेत. प्रत्येकाच्या नावाखाली एक उभी पट्टी काढलेली असून ती राजपद मिळाल्यापासून हिरवी आणि सम्राट म्हणून अभिषेक झाल्यापासून सोनेरी होते.

ही एकच कल्पना अनेक पानांच्या विवेचनाचे काम करते. राजाची निवड जर्मन सरदार आणि धर्माधिकारी करत, परंतु सम्राटपदासाठी आल्प्स ओलांडून रोमला जावे लागे आणि पोपच्या हातून मुकुट घ्यावा लागे. पहिल्या ओटोचा आखेनला, म्हणजे राजांच्या अभिषेकाच्या परंपरागत शहरी, राज्याभिषेक झाला 936 मध्ये आणि तो सम्राट झाला 962 मध्ये, म्हणजे त्याच्या पट्टीत सव्वीस वर्षांचा हिरवा रंग आहे. फ्रेडरिक बार्बारोसाच्या पट्टीत तो जेमतेम तीन वर्षांचा आहे, तर तिसऱ्या कॉन्राडची पट्टी 1138 पासून 1152 पर्यंत, अगदी शेवटपर्यंत हिरवीच राहते. मला सर्वांत भिडला तो 1250 च्या खालचा भाग. दुसऱ्या फ्रेडरिकच्या मृत्यूबरोबर सोनेरी रंग संपतो आणि पुढे बासष्ट वर्षे तो कुठेच दिसत नाही. हाब्सबुर्ग घराण्याचा रुडोल्फसुद्धा, 1273 पासून अठरा वर्षे राज्य करूनही, राजाच राहिला. 1312 मध्ये लक्झेंबर्गच्या हेन्रीला रोममध्ये मुकुट मिळाला, तोही कार्डिनलांच्या, म्हणजे पोपच्या खालोखालच्या धर्माधिकाऱ्यांच्या, हातून, कारण पोप तेव्हा फ्रान्समध्ये होते.

छपाई सुरेख आहे आणि कागद जाड आहे. मात्र वारशाच्या बाबतीत तक्ता करणाऱ्यांनी जी घाई केली आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करणे मला जमत नाही. दुसऱ्या ओटोची पट्टी 973 पासून, म्हणजे वडिलांच्या मृत्यूपासून, सुरू केली आहे. वास्तविक त्याला 961 मध्येच, वडील हयात असताना, आखेनला राजा केले होते आणि 967 मध्ये सहसम्राटपदाचा मुकुटही मिळाला होता. हा तपशील किरकोळ नाही. राजा निवडला जाण्याची रीत कायम ठेवूनही गादी आपल्याच घरात राखण्याचा हाच तर मार्ग होता: आपण जिवंत असतानाच मुलाची निवड करवून घ्यायची. तिसऱ्या ओटोला 983 च्या नाताळात आखेनला मुकुट घातला गेला, तेव्हा तो तीन वर्षांचा होता. त्याचे वडील त्याआधी अठरा दिवस रोममध्ये वारले होते, पण ती बातमी अजून तिथे पोहोचलेली नव्हती. एका पट्टीवर दुसरी पट्टी काही काळ चढलेली दाखवली असती, तर ही सारी व्यवस्था नजरेत भरली असती. सहाव्या हेन्रीने 1196 मध्ये राजपद कायमचे वंशपरंपरागत करण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. तक्त्यात त्याचा उल्लेखही नाही.

क्रमांकांची चूक त्याहून खटकते. तक्त्यात दोन सातवे हेन्री आहेत आणि दोघांचे आकडे अगदी सारखे छापले आहेत. त्यांतला पहिला हा दुसऱ्या फ्रेडरिकचा मुलगा, तर दुसरा वर आलेला लक्झेंबर्गचा हेन्री. वडिलांविरुद्ध बंड केल्यामुळे 1235 मध्ये त्या पहिल्याचे राजपद गेले. त्याने वडिलांच्या हयातीतच राज्य केले, स्वतंत्रपणे कधीच नाही, म्हणून इतिहासकार त्याचा आकडा कंसात लिहितात. तो कंस गाळल्यामुळे नवख्या वाचकाला एकच माणूस दोन शतकांत राज्य करताना दिसेल.

1198 ची दुहेरी निवडही, म्हणजे दोन गटांनी दोन वेगळे राजे निवडले तो प्रसंग, एकतर्फी रंगवली आहे. स्वाबियाच्या फिलिपला जाड पट्टी आणि चौथ्या ओटोला तुटक रेघ दिली आहे. फिलिपजवळ खरी राजचिन्हे होती, पण त्याचा अभिषेक माइन्त्सला झाला; ओटोचा अभिषेक योग्य ठिकाणी, आखेनला, कोलोनच्या आर्चबिशपने केला, पण त्याच्याजवळ खरी राजचिन्हे नव्हती. दोघांनाही समान जाडीची पट्टी हवी होती.

याउलट खालच्या कोपऱ्यातली, राजाच्या निवडीचे नियम ठरवणाऱ्या 1356 च्या सुवर्णाज्ञापत्राची चौकट अतिशय नेमकी आहे. माइन्त्स, कोलोन आणि ट्रियरचे आर्चबिशप, बोहेमियाचा राजा, ऱ्हाइनचा पॅलाटिन काउंट, सॅक्सनीचा ड्यूक आणि ब्रांडेनबुर्गचा मारग्रेव्ह हे सात निर्वाचक तिथे दिले आहेत. तीस दिवसांत निर्णय झाला नाही, तर त्यांना केवळ भाकरी आणि पाण्यावर राहावे लागेल, हे कलमही आहे. निवडीला पोपची संमती लागते की नाही, याविषयी या आज्ञापत्रात एक अक्षरही नाही, ही गोष्ट चौकटीत आवर्जून सांगितली आहे. त्याबद्दल मी तक्ता करणाऱ्यांचा मनापासून आभारी आहे.

शेवटच्या पट्टीत 1508 पासून सोनेरी रंगावर तिरप्या रेघा आहेत. मॅक्सिमिलियन रोमपर्यंत पोहोचू शकला नाही आणि त्याने ट्रेंटो येथे 'निर्वाचित रोमन सम्राट' ही पदवी घेतली, हे त्यातून कळते. हाच काटेकोरपणा ओटो आणि हेन्री यांच्या पट्ट्यांत येईल, अशी सुधारित आवृत्ती निघाली, तर मी ती पुन्हा विकत घेईन.