शोकात आधार कोणाचा घ्यावा : समुपदेशक की आधारगट?

जवळच्या माणसाच्या मृत्यूनंतर प्रत्येकाला समुपदेशन लागतेच असे नाही. बहुतेकांचा शोक आप्तांच्या सोबतीने हळूहळू सुसह्य होतो. मात्र तेराव्यानंतर पाहुणे परतले, घरात दिवंगताचे नाव काढणेही टाळले जाऊ लागले आणि मन कशातच लागेना, तर बाहेरची मदत घेण्यात कमीपणा मानू नये.

मृत्यू आत्महत्येने किंवा अपघाताने झाला असेल, ‘मी वेळीच दवाखान्यात नेले असते तर’ हा विचार पाठ सोडत नसेल, किंवा गेलेल्या व्यक्तीशी संबंध दुरावलेले असतील, तर मी आधी वैयक्तिक समुपदेशन सुचवेन, कारण अपराधीपणा आणि दिवंगताविषयीचा राग चारचौघांत बोलता येत नाही. तेथे गोपनीयता असते आणि गती आपली असते. शुल्क मात्र दर भेटीला द्यावे लागते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट) निवडल्यास भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी अवश्य विचारावी. शोकाच्या पाच अवस्था (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य व स्वीकार) क्रमाने पार कराव्याच लागतात असे कोणी सांगितले, तर सावध व्हावे; मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, त्या मरणासन्न रुग्णांशी झालेल्या संवादांतून, मागे राहिलेल्या आप्तांच्या शोकातून नव्हे.

आधारगटाचे बळ वेगळे आहे. मूल गमावलेल्या आईला ‘आता सावरायला हवे’ असे तिथे कोणी सुनावत नाही, कारण समोरची व्यक्तीही त्याच दुःखातून गेलेली असते. खर्च सहसा कमी असतो. तरीही अगदी सुरुवातीच्या आठवड्यांत इतरांचे दुःख ऐकणे जड जाऊ शकते, आणि तालुक्याच्या गावी सगळे ओळखीचे असल्यास मन मोकळे करणे अवघड होते. अशांना ऑनलाइन गट बरा.

दोन्ही जवळपास नसतील, तर 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येते.

सहा महिन्यांनंतरही गेलेल्या व्यक्तीची तीव्र ओढ व वेदना तशीच राहून रोजचे जगणे अडत असेल, तर गटावर विसंबू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराची नोंद आहे आणि त्यासाठी सुमारे 16 सत्रांची खास उपचारपद्धती विकसित झाली आहे. नैराश्यावरील गोळ्या सोबतच्या नैराश्याला उपयोगी पडू शकतात, पण 2016 मधील एका मोठ्या चाचणीत या उपचाराला गोळीची जोड देऊनही मूळ शोक अधिक ओसरल्याचे दिसले नाही. ‘मलाही जायचे आहे’ असे विचार कोणाला येत असतील, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांना भेटावे आणि तोवर त्या व्यक्तीला घरात एकटे ठेवू नये.